गिटार सोलो सुरू झाला की गप्प कोण बसतं?

तारकश (धागाकर्ता)

'सर्वोत्तम सोलो कोणता' असा धागा इथे वर्षातून दोनदा तरी निघतो. कोणी गिलमर म्हणतं, कोणी व्हॅन हेलन, मग वेगावरून जुंपते आणि शेवटी संपादक धागा बंद करतात. तो खेळ इथे नको.

माझा प्रश्न निराळा आहे. गिटार सोलो सुरू झाला की गप्प कोण बसतं, आणि बाकीची मंडळी तेवढ्या वेळात काय करतात? स्केल कोणतं, पेडल कोणतं यापेक्षा या एका प्रश्नाने संगीतप्रकारांमधला फरक लवकर कळतो, असं माझं मत आहे.

ब्लूज घ्या. बारा बारचा (बार म्हणजे ठेक्याचा एक ठरावीक तुकडा) साचा, त्यात तीन ओळी, म्हणजे एका ओळीच्या वाट्याला चार बार. शब्द मात्र साधारण दोन बारांतच आटोपतात. उरलेली मोकळी जागा गिटारची. बी. बी. किंग गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. अर्धं तो म्हणायचा, अर्धं त्याची गिटार 'ल्युसिल' म्हणायची. त्यामुळे सलग सोलो येतो तेव्हाही तो बोलल्यासारखाच असतो: दोन-तीन सूर, मग थांबणं. जीव सगळा त्या बेंडमध्ये. बोटाने तार बाजूला ढकलून सूर वर चढवायचा आणि तिथे पोचल्यावर मनगटाने हलता ठेवायचा. अल्बर्ट किंग तर डावखुरा, उजव्यांसाठी बनवलेली गिटार तशीच उलटी धरणारा. पातळ तारा वरच्या बाजूला आल्यामुळे तो तार ढकलायच्या ऐवजी खाली ओढायचा. त्याचा बेंड लगेच ओळखू येतो तो त्यामुळेच.

जॅझमध्ये गप्प बसायची पाळी सगळ्यांवर येते. आधी चाल वाजते, मग त्याच कॉर्ड्सच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांच्या) आवर्तनावर सॅक्सोफोन, ट्रंपेट, पियानो एकामागून एक बोलून घेतात. गिटारला या रांगेत जागा उशिरा मिळाली, आणि त्याचं कारण अगदी साधं: ती ऐकूच येत नसे. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनच्या भिंतीपुढे लाकडी गिटार काय करणार? १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आलेल्या चार्ली ख्रिश्चनने अँप लावून सॅक्सोफोनसारख्या लांब, सरळ ओळी वाजवल्या आणि गिटार रांगेत शिरली. १९४२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो गेलासुद्धा.

रॉकमध्ये गायक बाजूला होतो, दिवा गिटारवाल्यावर पडतो आणि लोक बघतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात सोलो म्हणजे एवढंच चित्र असतं. माझी तक्रार तीच आहे. जगातल्या पुष्कळ गिटारी या कामासाठी वाजत नाहीत. तुमच्या आवडीच्या संगीतात काय होतं ते लिहा.

---

पेटीवाले आप्पा

धागा आवडला. किंगसाहेबांचं वर्णन वाचून हसू आलं, कारण आमचा धंदा तोच. ख्यालाच्या साथीला पेटीवाला काय करतो? गायक दम घेतो तेवढ्यात त्याचीच शेवटची जागा उचलून धरतो आणि आवाज पुन्हा लागला की मागे सरतो. स्वतःचं घोडं पुढे दामटलं की बुवा नुसतं मान वळवून बघतात. तेवढं पुरतं. फरक इतकाच की किंगसाहेब बुवाही स्वतःच आणि पेटीवालेही स्वतःच.

---

चार_तारा_ठाणे

बास वाजवणारा म्हणून हजेरी लावतो. "सगळे गप्प बसतात" यावर आक्षेप! आम्ही कधीच गप्प बसत नाही, फक्त आमच्याकडे कोणी बघत नाही.

गंमत सोडा, पण या धाग्यात फ्रेडी ग्रीनचं नाव हवंच. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात १९३७ पासून १९८७ साली जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, हा माणूस अँप न लावता, प्रत्येक मात्रेवर एक कॉर्ड वाजवत बसला. सोलो जवळपास नाहीच. समोर ब्रासचा गोंगाट चाललेला, तरी गिटार थांबली असती तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळले असते. फंक गायक जेम्स ब्राउनकडचा गिटारवाला जिमी नोलनही त्याच जातीचा. तारा अर्धवट दाबून नुसता खरखरता ठेका. फंकमध्ये गिटार जवळपास तालवाद्यच आहे. सोलोच्या भूमिकेबद्दल बोलताना ज्यांनी तो मागितलाच नाही त्यांनाही धरा.

---

काळा_टीशर्ट

चला, आता मेटलवाल्यांना शिव्या पडायच्या आधीच येतो.

तारकश, तुझ्या लेखनात एक तिरकसपणा आहे. 'लोक बघतात' म्हणजे काही तरी हलकं. का बरं? तबलजी उठान मारतो तेव्हा लोक बघतातच ना? व्हॅन हेलनचं १९७८ चं 'इरप्शन' पावणेदोन मिनिटांचं. सुरुवातीचे ड्रम्सचे तडाखे सोडले तर गिटार एकटी. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सगळेच गप्प. खरं तर तो कार्यक्रमाआधी हात मोकळा करायला वाजवत होता, निर्मात्याच्या कानावर पडलं आणि रेकॉर्ड झालं. त्यानंतर गिटार शिकणाऱ्या पोरांची एक अख्खी पिढी दोन्ही हातांनी फ्रेटबोर्डवर (गिटारच्या मानेवर) टकटक करत बसली. दिखाऊ असेल, पण दिखाऊपणातही कसब लागतं.

आणि सोलो काढून टाकला की काय होतं तेही बघितलंय. मेटॅलिकाने २००३ मध्ये 'सेंट अँगर' काढला, अख्ख्या अल्बममध्ये एकही सोलो नाही. नव्वदीच्या शेवटी सोलो म्हणजे जुनाट अशी हवा होती, यांनाही ती लागली. २००८ च्या अल्बममध्ये मुकाट्याने सोलो परत आले. मेटलमध्ये रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, भिंत बांधतो आणि सोलो तिला खिडकी पाडतो. नुसत्या भिंतीत पाऊण तास कोण बसणार?

मुंबईत रंगभवनला 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव व्हायचा, तिथे गायकाचे शब्द कोणाला धड कळत नसत. सोलो मात्र अख्खं मैदान तोंडाने म्हणायचं. तेही सामूहिक गाणंच की.

---

दोन_सूर_पुरे

१९७७, पंक बँड बझकॉक्स, 'बोअरडम'. सोलो आहे. दोन सूर. तेच तेच, तेच तेच. तुमच्या खिडकीवर फेकलेला दगड.

---

काळा_टीशर्ट

@दोन_सूर_पुरे, दगड पोचला. :)

---

मडगावचो_पाव

दोघेही थांबा, आमच्या घराण्याचं राहिलं. घरात आजोबांपासून मुंबईच्या स्टुडिओत वाजवणारे, म्हणून सिनेमातल्या गिटारबद्दल लिहितो.

हिंदी सिनेमाच्या गाण्यात 'सोलो' हा शब्द घरी कधी ऐकला नाही. 'पीस' म्हणत. मुखडा, पहिलं म्युझिक, अंतरा, दुसरं म्युझिक, अंतरा. त्या म्युझिकमध्ये चार बार गिटारचे, चार व्हायोलिनच्या ताफ्याचे, दोन बासरीचे, असं वाटप. आणि ते कागदावर लिहिलेलं. लिहिणारे अरेंजर, त्यांत गोंयकार पुष्कळ: सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायची सोय, यायच्या आधी गायक आणि वाजवणारे सगळे एकाच वेळी रेकॉर्ड होत. तुमचे चार बार चुकले की लता मंगेशकरांपासून कोपऱ्यातल्या ट्रँगलवाल्यापर्यंत सगळ्यांचा टेक गेला. अशा वेळी मनाला येईल ते वाजवायची चैन कोण करणार?

पण म्हणून त्यात वादक दिसत नाही असं नाही. 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. 'चुरा लिया है तुमने' सुरू होतं ते ग्लासवरच्या टणत्काराने, आणि पाठोपाठ येते त्यांचीच गिटार. तो छोटा तुकडा काढून टाका, गाणं ओळखायला लोकांना दोन सेकंद जास्त लागतील. आमच्याकडे गिटारचं काम हे: दार उघडून द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं.

---

काळा_टीशर्ट

मडगावकर, माहिती झकास, पण मुद्दा पटला नाही. आधी लिहून काढलेला तुकडा म्हणजे सोलो कसा? सोलो तिथल्या तिथे सुचायला हवा. नाहीतर ते पाठांतर.

---

मडगावचो_पाव

असं? मग ईगल्स बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं काय करूया? शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आलटून पालटून बोलतात आणि मग दोघे मिळून ती उतरती माळ वाजवतात. फेल्डरनेच सांगितलेली गोष्ट आहे: स्टुडिओत दोघांनी नव्याने वाजवायला घेतलं तर बँडमधल्याच डॉन हेन्लीने अडवलं, म्हणाला डेमोत होतं तसंच हवं. डेमोची कॅसेट राहिली घरी. मग घरकाम करणाऱ्या बाईंना फोन लावला, त्यांनी कॅसेट लावून रिसीव्हर पुढे धरला, आणि फोनवरून ऐकून फेल्डरने स्वतःचाच सोलो पुन्हा शिकून घेतला. पाठांतरच ना हे? आणि लोक ते सर्वोत्तमांच्या यादीत घालतात!

---

तारकश (धागाकर्ता)

मडगावकरांना जोड देतो. पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'मध्ये गिलमरचे दोन सोलो आहेत. पहिला डी मेजरमध्ये, ध्रुवपदाच्या कॉर्ड्सवर. दुसरा, शेवटचा लांबलचक, बी मायनरमध्ये, कडव्याच्या कॉर्ड्सवर. म्हणजे एकाच गाण्यात सोलोची दोन कामं: पहिला ध्रुवपद पुढे नेतो, दुसरा कडव्यातला काळोख घेऊन सुटतो. गिलमरने हा दुसरा एका दमात वाजवलेला नाही. पाच-सहा वेळा वाजवला, प्रत्येकातल्या चांगल्या जागांवर खुणा केल्या आणि त्या जोडून एक केला. ऐकताना मात्र वाटतं की माणूस आत्ता, या क्षणी फुटतोय.

तेव्हा 'सुचलेला की लिहिलेला' यावर सोलोपण ठरवू नये. ऐकणाऱ्याला तो सुचल्यासारखा वाटला पाहिजे, एवढीच अट. जॅझवाले हे मान्य करणार नाहीत, त्यांच्यासाठी ती फसवणूक आहे. असू दे.

---

चार_तारा_ठाणे

जॅझवाल्यांतर्फे: फसवणूकच आहे.

---

किलिमंजारो

बरेच दिवस नुसता वाचक होतो. या धाग्यामुळे खातं उघडून लिहितोय.

नोकरीनिमित्त नैरोबीत राहिलो. तिथे बसमध्ये, हॉटेलात, लग्नात काँगोचं संगीत वाजतं. केनियात त्याला सरळ 'लिंगाला'च म्हणतात, काँगोतल्या भाषेच्या नावावरून. या गाण्यांची रचना आपल्याला चमत्कारिक वाटते. पहिला भाग संथ, गोड, दोघे-तिघे मिळून गातात. मग अचानक गाणं संपतं आणि 'सेबेन' सुरू होतं. लय चढते, शब्द मागे पडतात, गिटारी पुढे येतात. एक नाही, तीन: एक ठेका धरणारी, एक मधली, तिला मी-सोलो म्हणतात, आणि एक वरची सोलो.

आता तारकशांच्या प्रश्नावर. इथे गायक थांबतो, पण बघत कोणीच बसत नाही. सगळे उठून नाचतात. सोलो गिटार एक छोटी आकृती घेते, दोन बारांची, आणि ती फिरवत राहते. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. रॉकची सवय असलेल्या कानाला वाटतं, हा पुढे का जात नाही? पण नाचणाऱ्याला पुढे जायचंच नसतं. मग एका क्षणी वादक आकृती बदलतो आणि आख्खी गर्दी एकदम वळते, पायांची चाल बदलते. तो बदल हाच त्यातला कळस. फ्रँको हा त्यातला मोठा माणूस, टीपी ओके जॅझ या बँडचा नायक, १९८९ मध्ये गेला. एकाच वेळी दोन तारा छेडून तो ती आकृती अशी काही जाडसर करायचा की एक गिटार दोघींसारखी वाजायची. सेबेन गाण्याहून लांब चालणंही अगदी नेहमीचं.

वेगाने वाजवणारेही तिथे कमी नाहीत, दिब्लो दिबाला ऐका. पण वेग नाचवण्यासाठी. कोणी हाताची घडी घालून ऐकत उभा राहिला तर वादकाला काळजी वाटेल.

---

रेवा_म

@किलिमंजारो, सुंदर प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी फ्लामेंको शिकते, म्हणून त्यातलं थोडं. आपण फ्लामेंको म्हटलं की एकटी गिटार ऐकतो, पण परंपरेत राजा गाणारा. गिटारवाला त्याच्या आवाजाप्रमाणे कॅपो (पट्टी बदलायचा चिमटा) लावतो, त्याच्या तोंडाकडे बघत कॉर्ड बदलतो. गाणाऱ्याने ओळ संपवून दम घेतला की मधल्या जागेत तो एक बांधलेला तुकडा वाजवतो, त्याला 'फाल्सेता' म्हणतात. आप्पा म्हणाले तसंच, पण एक फरक: फाल्सेता गायकाची ओळ उचलत नाही, ती गिटारची स्वतःची असते. गुरूकडून आलेली, नाहीतर स्वतः रचलेली.

आणि बंधन तालाचं. सोलेआ हा फ्लामेंकोतला प्रकार बारा मात्रांचा, जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. फाल्सेता कितीही अवघड असो, ती आवर्तनात बसली पाहिजे आणि गाणाऱ्याला बरोबर ठिकाणी सोडून आली पाहिजे. माझी दहाव्या मात्रेवर हमखास घसरते. टाळी देणारी मैत्रीण तेव्हा काही बोलत नाही, नुसती थांबते. ते जास्त लागतं.

गिटारवादक पाको दे लुसियाने कामारोन या गायकाला वर्षानुवर्षं साथ केली, म्हणून त्याची एकट्याची वाजवणीही गाणारी वाटते. १९८१ साली आलेली त्याची, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि आल दी मेओला यांची सॅन फ्रान्सिस्कोची मैफल ऐका. तिघांची चढाओढ. गर्दी आरडाओरडा करते आहे, काळ्या_टीशर्टच्या रंगभवनसारखीच.

---

पेटीवाले आप्पा

रेवाताई, छान लिहिलंत. मॅक्लॉफ्लिनचं नाव निघालं म्हणून: 'शक्ती' या बँडमध्ये तो झाकिरभाई, एल. शंकर आणि विनायकराम यांच्यासोबत बसला तेव्हा गिटारच बदलून घेतली होती. मानेवरच्या पट्ट्यांच्या (फ्रेट्सच्या) मधलं लाकूड खोल कोरलेलं, म्हणजे तार दाबून मींडेसारखी ओढता यावी, आणि मुख्य तारांखाली तिरक्या आणखी सात तारा. तिथे सोलो असा नाहीच, सवाल-जवाब आहे. एकाने फेकायचं, दुसऱ्याने झेलून परत फेकायचं, वाक्य छोटं होत होत शेवटी सगळे मिळून तिहाईवर.

आणि पं. ब्रिजभूषण काबरा कोणी आठवणार की नाही? अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर पट्टी सरकवत आलाप. १९६७ साली शिवजी (शिवकुमार शर्मा) आणि हरिजींबरोबरची (हरिप्रसाद चौरसिया) 'कॉल ऑफ द व्हॅली' तर घराघरांत होती. तिथे तारकशांचा प्रश्न लागूच पडत नाही. गाणारा मुळातच नाही, मग गप्प कोण बसणार?

---

तारकश (धागाकर्ता)

आप्पा, लागू पडतो की! तुमच्या उदाहरणात गप्प बसतो तबलेवाला. आलाप संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसतो, आणि गत सुरू झाली की श्रोते सावरून बसतात. तो शिरण्याचा क्षण म्हणजे अर्धी मैफल.

सरकवण्यावरून एक तांत्रिक गोष्ट. सोलो लांब सूर कधी धरू लागला? साधी गिटार छेडली की सूर लगेच विरतो. म्हणून सुरुवातीच्या वादकांना भराभर सूर भरावे लागत, नाहीतर पट्टी सरकवावी लागे. अँप क्षमतेपलीकडे वाढवला की आवाज फाटतो, पण त्यातच सूर दाबला जाऊन जास्त वेळ टिकतो. त्यात साठच्या दशकात तिसरी तार गुंडाळीची न लावता साधी लावायची पद्धत रुळली, बेंड सोपा झाला. गळ्यासारखं वाजवायची सोय आधी झाली, मग तसे सोलो आले.

---

दोन_सूर_पुरे

अवांतर: सोलो विकण्यासाठीही घालतात. बॉब मार्लीचा 'कॅच अ फायर', १९७३. जमैकात रेकॉर्डिंग झालं, मग लंडनमध्ये निर्माता ख्रिस ब्लॅकवेलने अमेरिकन गिटारवादक वेन पर्किन्सला बोलावून वरून गिटार चढवली. का, तर रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांना ओळखीचं काहीतरी मिळावं. रेगेमध्ये गिटारचं मूळ काम उलट्या मात्रेवरचा तुटक 'चक'. 'काँक्रीट जंगल'मधला सोलो ऐका, चांगलाच आहे, पण पाहुण्यासारखा वाटतो.

---

काळा_टीशर्ट

पाहुणा का असेना, जेवून गेला आणि घर आवडलं लोकांना. पुढे मार्लीनेच अल अँडरसनला गिटारवर घेतलं. म्हणजे त्यालाही नकोसा नव्हता.

---

नवी_तार_सांगली

सगळ्यांना नमस्कार. मी गिटार क्लासला जाते. सगळ्यांसारखं 'नीले नीले अंबर पर'पासून सुरू केलंय. सर म्हणतात आता सोलो शिक, आणि पेंटाटॉनिक (पाच सुरांचं) स्केल वरखाली करायला लावतात. स्केल येतं, पण त्यातून सोलो काही होत नाही. काय चुकतंय?

---

मडगावचो_पाव

बाय, तुझं काही चुकत नाही. स्केल म्हणजे बाराखडी. आणि तू घेतलेलं गाणं चांगलं आहे. मूळ चाल इळैयराजांची, तमिळ 'इळैय निला'. तिथली गिटार ऐक. गायकाच्या भोवती कशी फिरते, त्याच्या पायात न येता.

---

तारकश (धागाकर्ता)

@नवी_तार_सांगली, स्केल महिनाभर बाजूला ठेव. कोणत्याही ओळखीच्या गाण्याची एक ओळ गा, मोठ्याने. मग तीच ओळ एका तारेवर शोध, बेंड आणि स्लाइडसकट. निर्वाणाचा 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मधला सोलो असाच आहे, कडव्याची गायलेली चाल जवळपास जशीच्या तशी गिटारवर. सोपा आहे, आणि कोणी त्याला कमी लेखत नाही. ते जमलं की एक ओळ गायची, दुसरी गिटारवर द्यायची. ए मायनरचा संथ बॅकिंग ट्रॅक (नुसती साथ असलेलं रेकॉर्डिंग) लाव.

---

नवी_तार_सांगली

गायचं म्हणजे... क्लासमध्ये सगळ्यांसमोर?

---

रेवा_म

घरी गा गं. क्लासमध्ये फक्त दुसरी ओळ वाजव.

---

पेटीवाले आप्पा

आणि दोन ओळींच्या मध्ये थांबायला शिक. पेटीच्या शिकवणीला येणाऱ्या पोरांना हेच सगळ्यात उशिरा येतं.